फोटो आहेत, पण सापडत नाहीत!

गेल्या सेमिस्टरच्या शेवटी आपल्या मेसचे मामा गेले, हे सगळ्यांना माहीत आहे. त्यानंतरच्या एका रात्रीत काय झालं ते मात्र फार थोड्यांना माहीत आहे, आणि त्याबद्दलच मला लिहायचं आहे.

शोकसभा दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हॉस्टेलच्या हॉलमध्ये ठरली होती. रेक्टर सरांनी मला आणि माझ्या रूम पार्टनरला बोलावलं. म्हणाले, "मामांचा एक चांगला फोटो मोठा करून आणा. फ्रेमचे पैसे मी देतो." आम्हाला वाटलं, पाच मिनिटांचं काम. मामा पंचवीस वर्षं या मेसमध्ये होते. गॅदरिंग, फेअरवेल, गणपती, हॉस्टेल क्रिकेटची फायनल... मामा नाहीत असा कार्यक्रम नाही. आणि फोटोंचा म्हणाल तर आपल्याकडे नुसता पूर आहे! एका गॅदरिंगला हजारभर फोटो सहज निघतात.

आम्ही फोटोग्राफी क्लबचं कपाट उघडलं. तीन हार्ड डिस्क निघाल्या. एक लावल्यावर टक टक आवाज करून गप्प झाली, ती कायमचीच. उरलेल्या दोनांत मिळून चाळीस हजारांच्या आसपास फाइली. फोल्डरांची नावं 'न्यू फोल्डर', 'न्यू फोल्डर २', 'फायनल', 'फायनल फायनल'. आतल्या फोटोंची नावं म्हणजे कॅमेऱ्याने दिलेले नंबर. मधल्या चार वर्षांचे फोटो एका सीनियरच्या कॉलेज अकाउंटवर होते. तो पास आउट झाला, अकाउंट बंद झालं, आता लिंक उघडली की परवानगी नाही असा निरोप येतो. ग्रुपवर आलेले फोटो होते, पण ते इतके बारीक की मोठे केले तर नुसते चौकोन दिसायचे.

मग आम्ही एक एक फोटो बघायला बसलो. रात्रीचे तीन वाजले. मामा सापडत होते, पण कसे? कुठे नुसता हात आणि हातातला डाव. कुठे पाठ. एका ग्रुप फोटोत सगळी पोरं कॅमेऱ्याकडे बघून हसतायत आणि मागून मामा आमटीचं पातेलं घेऊन चाललेत, चेहरा वाफेच्या आड. नावाने शोधावं म्हटलं तर कळलं की मामांचं नावच आम्हाला ठाऊक नाही. दोन वर्षं मी त्यांच्या हातचं जेवलो. 'मामा, अजून एक पोळी' यापलीकडे मला त्यांच्याबद्दल काही माहीत नव्हतं. रूम पार्टनरने लॅपटॉप बंद केला आणि आम्ही दोघे बराच वेळ काही बोललोच नाही.

फोटो शेवटी मिळाला. कसा मिळाला ते शेवटी सांगतो, कारण त्यातच या लेखाचं सार आहे.

शोकसभा झाल्यावर माझ्या डोक्यात एकच प्रश्न होता. चाळीस हजार फोटो असून एक माणूस सापडत नाही, हे फक्त आपल्याकडेच होतं का? वाचायला लागलो तेव्हा कळलं की नाही. जगातल्या मोठमोठ्या कंपन्यांचं हेच दुखणं आहे, आणि या एका दुखण्यावर औषध विकणाऱ्या सॉफ्टवेअर कंपन्यांचा एक मोठा धंदा उभा आहे. त्याला डिजिटल अ‍ॅसेट मॅनेजमेंट म्हणतात. थोडक्यात 'डॅम'. (सिव्हिलवाल्यांनी हुरळून जाऊ नये, हे धरण नव्हे!)

अ‍ॅसेट म्हणजे मालमत्ता. बिस्किटं बनवणाऱ्या कंपनीची मालमत्ता म्हणजे कारखाना आणि मशिनरी, हे आपल्याला पटतं. पण पुड्यावरचं चित्र, लोगो, जाहिरातीचा व्हिडिओ, कॅटलॉगमधले फोटो हीसुद्धा तिची मालमत्ताच. त्यावर पैसे खर्च झालेले असतात. ते सापडलं नाही की पुन्हा फोटोग्राफर बोलवा, पुन्हा शूटिंग करा. जुना लोगो चुकून छापला गेला की सगळा माल परत. एखाद्या मॉडेलचा फोटो दोन वर्षं वापरायचा करार असेल आणि तिसऱ्या वर्षी तो कुठे झळकला, तर वकिलाची नोटीस. आपल्याकडेही हे झालंच आहे की! कॉलेजचा लोगो बदलला, पण फेस्टच्या फ्लेक्सवर जुनाच छापून आला. दोन मोठे फ्लेक्स फुकट गेले. नवा लोगो कोणाकडे होता? तर तो ऑफिसमधल्या एकाच कॉम्प्युटरवर होता, आणि त्या दिवशी तिथले सर रजेवर होते.

'डॅम' सॉफ्टवेअर प्रत्येक फाइलबद्दल काही साध्या प्रश्नांची उत्तरं सांभाळतं. यात काय आहे, कोण आहे? मूळ प्रत कुठली आणि नंतर केलेल्या प्रती कुठल्या? हे कोणी वापरायचं आणि कधीपर्यंत? बस्स, एवढंच. ऐकताना यात काही दम वाटत नाही. मलाही वाटला नव्हता. पण या एवढ्याशा गोष्टीवर कंपन्या कशा वाढल्या ते बघा.

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात मॅडिसन नावाचं शहर आहे. तिथे १९४८ साली वायडन नावाची कंपनी सुरू झाली. सॉफ्टवेअर कंपनी? छे! १९४८ मध्ये कसलं सॉफ्टवेअर? ती छपाईसाठी ब्लॉक कोरून देणारी कंपनी होती. ब्लॉक म्हणजे काय हे आपल्या पिढीला माहीत नाही, पण आपल्या स्टाफपैकी ज्येष्ठ मंडळींना आठवत असेल. पूर्वी मासिकात फोटो छापायचा म्हणजे त्याचा धातूचा ब्लॉक करून आणावा लागे, आणि तो खर्चिक असल्यामुळे संपादक चारच फोटो घ्यायचे. पुढे ऑफसेट आलं, ब्लॉक गेले, फिल्म आल्या. मग कॉम्प्युटर आला आणि फिल्मही गेल्या. प्रत्येक वेळी या धंद्यातली कितीतरी दुकानं बंद पडली. जगात सगळीकडेच असं झालं.

वायडन बंद पडली नाही. नव्वदच्या दशकात तिने गिऱ्हाइकांची चित्रं डिजिटल स्वरूपात सांभाळायला आणि नेटवरून हवी तेव्हा मिळवून द्यायला सुरुवात केली. पुढे हेच तिचं मुख्य काम झालं. 'वायडन कलेक्टिव्ह' या नावाने तिचं सॉफ्टवेअर विकलं जाऊ लागलं. सीडीवर नाही, तर वर्गणी भरून नेटवरून वापरायचं. २०२१ मध्ये अ‍ॅक्विया या कंपनीने वायडन विकत घेतली. द्रुपाल हे वेबसाइट बनवण्याचं फुकट सॉफ्टवेअर ज्याने लिहिलं, तो ड्रीस बॉयटार्ट हा अ‍ॅक्वियाच्या संस्थापकांपैकी एक.

१९४८ ते २०२१ म्हणजे ७३ वर्षं! या काळात कंपनीचं तंत्र पार बदललं. धातू गेला, फिल्म गेली, सर्व्हर आले. पण मला यात वेगळंच काहीतरी दिसलं. गिऱ्हाइकाची गरज बदललीच नाही. गिऱ्हाईक १९४८ मध्येही म्हणत होतं, 'माझं चित्र नीट छापून येऊ दे', आणि आजही तेच म्हणतं, 'माझं योग्य चित्र, योग्य वेळी, योग्य जागी येऊ दे.' ज्याने गरज धरून ठेवली तो तंत्र बदललं तरी टिकला. आपण मात्र उलटं करतो. तंत्र धरून ठेवतो आणि गरज शोधत फिरतो. फायनल इयरच्या प्रोजेक्टचे विषय वाचा. आधी 'ब्लॉकचेन वापरून' किंवा 'डीप लर्निंग वापरून' हे ठरतं, आणि कशासाठी ते नंतर!

दुसरी गोष्ट अगदी अलीकडची आहे. वेब डेव्हलपमेंट करणाऱ्यांनी क्लाउडिनरी हे नाव ऐकलंच असेल. मिनी प्रोजेक्टमध्ये युजरचा फोटो अपलोड करायचा असला की निम्मा वर्ग त्याचं फुकट खातं उघडतो. मीही उघडलं होतं. ही कंपनी २०१२ साली इताय लाहान, ताल लेव-आमी आणि नदाव सोफरमन या तीन इस्रायली इंजिनिअरांनी काढली. त्याआधी ते दुसऱ्यांसाठी सॉफ्टवेअर बनवून द्यायचे. त्यांच्या लक्षात आलं की प्रोजेक्ट कुठलाही असो, एक काम दरवेळी नव्याने करावं लागतं. फोटो अपलोड करून घ्या, तो कापा, लहान करा, मोबाइलसाठी वेगळा करा, कुठेतरी साठवा आणि पटकन दाखवा. कोणालाच या कामाची आवड नाही, पण ते टाळताही येत नाही. त्यांनी ठरवलं, हे एकदाच नीट करू आणि सगळ्यांना देऊ.

त्यांची पद्धत फार साधी होती. मूळ फोटो एकदाच चढवायचा. मग तो कितीही आकारात हवा असला तरी त्याच्या वेब पत्त्यातच रुंदी इतकी, उंची इतकी असं लिहायचं. तशी प्रत तिथल्या तिथे तयार होऊन येते. बघणाऱ्याचा ब्राउझर कुठला आहे ते ओळखून त्याला झेपेल अशा हलक्या फॉरमॅटमध्येसुद्धा देता येते. पुढे त्यांनी यावर चढत जाऊन मोठ्या कंपन्यांसाठी पूर्ण 'डॅम'ही आणलं. सुरुवातीची वर्षं त्यांनी बाहेरचं भांडवल न घेता, गिऱ्हाइकांच्या पैशावरच कंपनी वाढवली. २०२२ मध्ये ब्लॅकस्टोनने तिच्यात गुंतवणूक केली तेव्हा कंपनीची किंमत २ अब्ज डॉलर धरली गेली. म्हणजे दहा वर्षांत! आणि कशावर? तर 'फोटो लहान करून द्या' या कामावर!

ही दोनच उदाहरणं नाहीत. २०१८ मध्ये शटरस्टॉकने आपलं वेबडॅम हे सॉफ्टवेअर अ‍ॅमस्टरडॅमच्या बाइंडर कंपनीला ४ कोटी ९१ लाख डॉलरला विकलं. २०२० मध्ये स्मार्टशीटने डेन्व्हरची ब्रँडफोल्डर ही कंपनी १५ कोटी ५० लाख डॉलरला घेतली. हे आकडे मी तोंडात बोट घालावं म्हणून देत नाही. आपण ज्या कामाला नाक मुरडतो त्याची बाजारात काय किंमत आहे, एवढंच सांगायचं आहे.

हे सगळं मी मेसमध्ये जेवताना सांगितलं तेव्हा एक मित्र म्हणाला, "अरे, पण यात इंजिनिअरिंग काय आहे? फोटोखाली नावं लिहायची, हे तर क्लार्कचं काम!" टेबलावरचे सगळे हसले. त्याला तेव्हा उत्तर देता आलं नाही, म्हणून इथे देतो.

पहिलं म्हणजे, यात इंजिनिअरिंग भरपूर आहे. एकच फोटो दहा जणांनी दहा नावांनी चढवला तर तो एकच आहे हे ओळखायचं कसं? फाइलचा हॅश काढून. हॅशिंग आपण सेकंड इयरला शिकलो, परीक्षेत पाच मार्कांना लिहिलं आणि विसरलो. चाळीस हजार फोटोंतून एका शब्दाने शोधायचं तर इंडेक्स कसा बांधायचा? तोच फोटो कोणीतरी नुसता सेव्ह करून किंचित लहान केला तर हॅश बदलतो, मग आता काय? दोन माणसांनी एकाच वेळी माहिती बदलली तर कोणाची खरी धरायची? कोणाला मूळ फोटो द्यायचा आणि कोणाला नुसता छोटा दाखवायचा? हे सगळे प्रश्न आपल्या सिलॅबसमधले आहेत. फरक एवढाच की सिलॅबसमध्ये ते 'ए' आणि 'बी' नावाच्या डब्यांबद्दल असतात, आणि इथे मामांबद्दल.

दुसरं म्हणजे, फोटोखाली नाव लिहिणं हे क्लार्कचं काम असेलही, पण ते हलकं काम नाही. फोटोबद्दलच्या माहितीला मेटाडेटा म्हणतात. त्यातली काही माहिती कॅमेरा स्वतःच लिहितो. तारीख, वेळ, लेन्स वगैरे. त्यासाठी एक्झिफ नावाचं प्रमाण जपानमध्ये १९९५ साली ठरलं. पण समोर उभा आहे तो कोण, हे कॅमेऱ्याला कसं कळणार? ते माणसानेच लिहायचं. वर्तमानपत्रं आणि वृत्तसंस्थांना हे चांगलंच ठाऊक होतं, कारण त्यांच्याकडे रोज फोटोंचा ढीग यायचा. आयपीटीसी या त्यांच्या १९६५ साली स्थापन झालेल्या संघटनेच्या पद्धतीने नव्वदच्या दशकात फोटोच्या फाइलमध्येच मथळा, ठिकाण, फोटोग्राफरचं नाव लिहिता येऊ लागलं. फोटो कुठेही गेला तरी ओळख त्याच्याबरोबर जाते. म्हणजे सोय तीस वर्षांपासून आहे. आपण ती वापरत नाही, एवढंच!

आता कोणी म्हणेल, एआयच्या जमान्यात नावं कोण लिहितो? चेहरा ओळखणारं सॉफ्टवेअर आहे की! हो, आहे. ते चाळीस हजार फोटोंतून एका माणसाचे चेहरे एकत्र करून देईल. मोठ्या 'डॅम' कंपन्याही आता हे देतात. पण ते फार तर म्हणेल, 'हा माणूस ६२ फोटोंत आहे.' हा माणूस कोण, हे कोणीतरी एकदा तरी सांगावंच लागतं. आणि मामांचा तर चेहराच कोणी नीट टिपला नव्हता. पाठमोऱ्या माणसाला एआय काय ओळखणार?

शिवाय चेहरे ओळखण्याला दुसरीही बाजू आहे. मागच्या वर्षी एका क्लबने भरतीच्या पोस्टरवर आमच्या वर्गातल्या एका मुलीचा नाचतानाचा फोटो छापला. तिला विचारलंच नाही. ती तो काढा म्हणून तीन ठिकाणी फिरली. मूळ फोटो कोणाकडे आहे हेच कोणाला सांगता येईना, त्यामुळे आजही तो कुठे कुठे आहे ते तिला माहीत नाही. २०२३ साली आपल्या देशात डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. पण कायदा राहू द्या, साधी माणुसकी म्हणूनही 'हा फोटो वापरायला हिची हरकत आहे' एवढी एक ओळ फोटोबरोबर राहायला हवी की नको? ज्यांना सापडायचं आहे त्यांना सापडू द्यायचं आणि ज्यांना नको त्यांना झाकायचं, ही दोन्ही कामं एकाच व्यवस्थेची आहेत. व्यवस्थाच नसेल तर दोन्ही होत नाहीत.

मी या कंपन्यांची आरती ओवाळत नाही. त्यांच्या वाढीला दुसरी बाजूही आहेच. वर्गणीवर चालणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये आपल्या सगळ्या आठवणी ठेवल्या आणि उद्या कंपनी विकली गेली, दर वाढले, तर आपण अडकलो. वर दिलेल्या यादीतच किती कंपन्या दुसऱ्यांनी घेतल्या ते मोजा! मोठ्या कंपन्या वकील लावून करार करू शकतात, हॉस्टेलचं काय? त्यामुळे आपल्याला त्यांचं सॉफ्टवेअर विकत घ्यायची गरज नाही. आपल्याला त्यांच्याकडून शिस्त घ्यायची आहे.

आणि सॉफ्टवेअरही फुकट मिळतं. रिसोर्सस्पेस नावाचं एक ओपन सोर्स 'डॅम' आहे. २००६ साली ते ऑक्सफॅम या सेवाभावी संस्थेच्या गरजेसाठी इंग्लंडमध्ये बनलं. जगभर दुष्काळात, पुरात काम करणारी संस्था. तिच्याकडे फोटोंचा केवढा साठा होत असेल! ते पीएचपी आणि मायएसक्यूएलमध्ये लिहिलेलं आहे. म्हणजे आपले सेकंड इयरचे मिनी प्रोजेक्ट ज्यात होतात त्यातच. ते बनवणारी कंपनी सॉफ्टवेअर फुकट देते आणि चालवून देण्याचे, मदतीचे पैसे घेते. आपण ते स्वतः चालवू शकतो. नाहीतर इंजिनिअरिंग कॉलेज कशाला म्हणायचं?

तेव्हा मुद्द्यावर येतो. माझ्या चार सूचना आहेत.

एक, फोटोंचं घर लायब्ररीत असावं. क्लबमध्ये नको, कोणा एकाच्या अकाउंटवर तर नकोच नको. आपण चार वर्षांत जातो, लायब्ररी राहते.

दोन, प्रत्येक कार्यक्रमाचे हजार फोटो ठेवण्याची गरज नाही. निवडक पन्नास ठेवा, पण त्या पन्नासांवर कोण, कुठे, केव्हा हे लिहा, आणि वापरायला कोणाची हरकत असेल तर तेही. पंधरा दिवसांच्या आत लिहा. नंतर आठवत नाही, हा अनुभव आहे.

तीन, नावं मराठीत आणि इंग्रजीत दोन्हीकडे लिहा. त्या रात्री आम्ही इंग्रजीत 'मामा' शोधत होतो. एकाने एकाच 'ए'ने लिहिलेलं, दुसऱ्याने दोन 'ए' घालून, आणि बऱ्याच जणांनी लिहिलेलंच नाही. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलो, त्यामुळे मराठीत टाइप करून बघावं हे मला सुचलंच नाही. ज्या माणसाशी आपण फक्त मराठीत बोललो, त्याला आपण इंग्रजीत शोधत होतो!

चार, तीन प्रती. पीटर क्रोग या अमेरिकन फोटोग्राफरने या विषयावर पुस्तक लिहिलं आणि तीन-दोन-एक असा नियम लोकप्रिय केला. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी. टक टक करून मेलेल्या त्या हार्ड डिस्कची दुसरी प्रत असती तर तिच्यातले फोटो आज आपल्याकडे असते. त्यात काय होतं, हेही आता कोणाला सांगता येत नाही.

फायनल इयरच्या एका ग्रुपने हा विषय प्रोजेक्ट म्हणून घ्यावा असं मला मनापासून वाटतं. स्टाफने त्याला 'सोपा विषय' म्हणून परत पाठवू नये, ही विनंती. दरवर्षी प्रोजेक्ट होतात, डेमो होतो, रिपोर्टला सोनेरी अक्षरांचं बाइंडिंग होतं आणि सगळं कपाटात जातं. हा एक प्रोजेक्ट असा असेल की जो पुढच्या बॅचला रोज वापरावा लागेल. आणि कोण सांगावं, आज कॉलेजसाठी केलेली गोष्ट उद्या दुसऱ्या दहा कॉलेजांना हवी असेल. त्या तिघा इस्रायली इंजिनिअरांचं तरी दुसरं काय झालं? एकच कंटाळवाणं काम परत परत करून ते वैतागले होते. वैताग आपल्याकडेही काही कमी नाही!

आता फोटो कसा मिळाला ते सांगतो.

सकाळी आम्ही लाल डोळे घेऊन लायब्ररीत गेलो. म्हटलं, निदान प्रिंटर तरी मिळेल, त्या वाफेतल्या फोटोलाच मोठं करू. लायब्ररीच्या मॅडमनी विचारलं काय झालं. सांगितल्यावर म्हणाल्या, "कॉलेजच्या मॅगझिनमध्ये बघितलंत का?" आम्ही एकमेकांकडे बघितलं. त्यांनी बाइंडिंग केलेले जुने अंक काढून टेबलावर ठेवले. अर्ध्या तासात सापडला. २००९ सालचा अंक, हाच मराठी विभाग. गॅदरिंगला मामांचा सत्कार झाला होता. खांद्यावर शाल, हातात नारळ, केस काळे, आणि मामा अगदी सरळ कॅमेऱ्याकडे बघतायत. खाली मराठीत एक ओळ होती. त्यात मामांचं पूर्ण नाव, गाव, आणि सत्कार कशाबद्दल तेही. एकदा पावसाळ्यात ओढ्याला पूर आला, रस्ता बंद झाला, तेव्हा मामांनी दोन दिवस एकट्याने सगळ्या हॉस्टेलला जेवायला घातलं होतं.

शोकसभेत जे नाव वाचलं गेलं ते त्या ओळीतून आलं होतं. मामांच्या मुलाने फ्रेम हातात घेतली आणि म्हणाला, "हा फोटो आमच्याकडेपण नाही." मग त्याने तो फोटो घरी न्यायला मागितला.

चाळीस हजार फोटोंतून एकही मिळाला नाही, आणि कागदावरचा एक मिळाला. कारण त्याच्याखाली पंधरा-सोळा वर्षांपूर्वी कोणीतरी एक ओळ लिहिली होती. तो लिहिणारा कोण होता मला माहीत नाही. बहुधा आपल्यासारखाच कोणी हॉस्टेलचा विद्यार्थी, ज्याला संपादकांनी 'अरे, फोटोखाली नाव लिही' म्हणून कामाला लावलं असेल. त्यालाही ते क्लार्कचं काम वाटलं असेल. पण त्याने ते केलं.

येत्या गॅदरिंगला फोटो काढाल तेव्हा स्टेजवरच्यांचे काढाच. पण एकदा किचनमध्ये जा, वॉचमन काकांकडे जा, साफसफाईच्या मावशींकडे जा. त्यांना विचारून त्यांचा एक सरळ फोटो काढा. आणि त्यांचं पूर्ण नाव विचारून खाली लिहा. एवढं तर आजपासून जमेल, त्याला कुठलंही सॉफ्टवेअर लागत नाही. बघा, पटतंय का!